पहिलीचे इंग्रजी आणि एका अक्षराची तीन कामे

२०२५ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेच्या प्रश्नावर मोठे वादळ उठले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा निर्णय राज्य सरकारने एप्रिलमध्ये काढला, जूनमध्ये त्यात फेरफार केला आणि लोकमताचा रेटा वाढताच २९ जून रोजी तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा केली. या वादात सभा झाल्या, मोर्चे ठरले, अग्रलेखांचे रकाने भरले. कोणती भाषा, किती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, या तीन प्रश्नांचा कीस काढण्यात आला. परंतु चौथा प्रश्न, म्हणजे ती भाषा शिकवायची कशी, हा क्वचितच कोणी विचारला. वस्तुतः पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कितीही शहाणपणाची असली, तरी चौथ्याचे उत्तर चुकले की सारा खटाटोप पाण्यात जातो. त्याचा पुरावा हवा असेल, तर ज्या भाषेविषयी या वादात फारशी तक्रार नव्हती, त्या इंग्रजीकडे पाहावे.

महाराष्ट्रात सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालच्या जूनमध्ये प्रारंभ झाला. रामकृष्ण मोरे त्या वेळी शिक्षणमंत्री होते. निर्णयावर तेव्हाही टीका झाली. परंतु खेड्यातील पालकांनी त्याचे स्वागत केले, हे नाकारता येणार नाही. शहरातील सुखवस्तू घरातल्या मुलाला जे मिळते, ते आपल्या मुलालाही मिळावे, ही त्यामागची भावना होती आणि ती न्याय्य होती. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्यापैकी कित्येक जण स्वतः शिक्षक झाले आहेत, कार्यालयांतून नोकरी करीत आहेत किंवा स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांत बसून इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेशी झुंजत आहेत. एवढ्या काळानंतर हिशेब मांडण्यास हरकत नसावी.

हिशेबाचे एक साधन ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाहणीने दिले आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या या पाहणीत ग्रामीण भारतातील मुलांना त्यांच्या घरी जाऊन साधे वाचन आणि साधे गणित करावयास सांगतात. २०२२ साली केलेल्या पाहणीत इंग्रजीचाही समावेश होता. देशभरातील ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. २०१६ साली हे प्रमाण २४.७ टक्के होते. आठवीच्या मुलांत ते ४५.३ टक्क्यांवरून ४६.७ टक्क्यांवर आले. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत आणि त्यातल्या सहा वर्षांत करोनाच्या साथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद होत्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. तरीसुद्धा आठ वर्षे शाळेत गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना इंग्रजीतले एक सोपे वाक्य वाचता येऊ नये, ही गोष्ट केवळ साथीच्या माथी मारून चालणार नाही.

याची कारणे अनेक आहेत. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळा, शिक्षकांवर लादलेली अशैक्षणिक कामे, घरी नसलेली पुस्तके, ही सर्व कारणे खरी आहेत आणि त्यांवर यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका लहान दिसणाऱ्या, पण रोजच्या तासाला भिडणाऱ्या कारणाचा. इंग्रजीचे प्राथमिक व्याकरण, म्हणजे नाम, स्वामित्वदर्शक रूप आणि क्रियापद या तीन गोष्टी, आपण मराठी मुलाला त्याच्या डोक्यात मराठी नाहीच असे समजून शिकवितो, हे ते कारण होय.

इंग्रजी कसे शिकवावे याविषयी आपल्याकडे दोन पंथ आहेत. जुना पंथ व्याख्येचा. नाम म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, शब्दांच्या जाती आठ, असे पाठ करून घ्यावयाचे आणि मग भाषांतर करावयाचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी याच वाटेने इंग्रजी आत्मसात केले आणि त्यांतले कित्येक जण उत्तम इंग्रजी लिहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती मोजकी, निवडक मुले होती. गावातील प्रत्येक मूल शाळेत आणण्याचा संकल्प त्या काळी नव्हता. दुसरा पंथ नवा. तो म्हणतो, मूल मातृभाषा ऐकून शिकते, तशीच इंग्रजी ऐकून शिकेल. व्याकरणाचे नावही काढू नये आणि इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही उच्चारू नये.

या दुसऱ्या पंथाचे म्हणणे ऐकावयास गोड वाटते, पण त्याला अंकगणिताचा आधार नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरविण्याचे बंधन घातले आहे. रोज पस्तीस मिनिटांचा एक तास इंग्रजीला मिळतो आणि एकही बुडत नाही असे धरले, तरी वर्षाकाठी सुमारे ११७ घड्याळी तास होतात. ज्या घरात इंग्रजी बोलले जाते, त्या घरातील मूल दिवसाचे दहा तास ती भाषा ऐकत असेल, तर तेवढे इंग्रजी त्याच्या कानांवर बारा दिवसांत पडते. एकाला बारा दिवसांत मिळते ते दुसऱ्याला वर्षभरात मिळते आणि तेही साठ मुलांच्या गलक्यात. अशा स्थितीत ‘ऐकून आपोआप येईल’ असे म्हणणे म्हणजे विहिरीतून घागरीने पाणी आणणाऱ्याला, नदीकाठच्या माणसासारखा पोहत जा, असे सांगण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ ऐकण्याचा साठा थोडा आहे, त्याला नियमाचा आधार अधिक लागतो. प्रश्न एवढाच, की तो नियम कोणता आणि कोणत्या भाषेतून सांगावयाचा.

व्याख्येच्या पंथाची अडचण वेगळी आहे. इंग्रजी व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांनी आपल्या व्याख्या लॅटिनवरून घेतल्या. लिंडली मरे याचे १७९५ साली निघालेले इंग्रजी व्याकरण इंग्लंड-अमेरिकेत कित्येक दशके शाळांतून चालले. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणीही बव्हंशी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवरच होती. म्हणजे लॅटिनचे माप इंग्रजीला लावले गेले आणि इंग्रजीचे मराठीला. दादोबांचे काम थोर होते, यात शंका नाही. परंतु ‘व्यक्ती, स्थळ वा वस्तू यांचे नाव ते नाम’ ही व्याख्या अशा रीतीने दोन घरांची पाहुणी होऊन आपल्या वर्गात आली आणि मुक्कामालाच राहिली. पाणिनीने मात्र पद ओळखण्याची खूण अर्थात शोधली नाही. शब्दाला कोणते प्रत्यय लागतात, यावरून त्याने ते ओळखले. शब्द काय सांगतो यापेक्षा शब्द काय करतो, हे पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेत होती. इंग्रजी शिकविताना तीच अधिक उपयोगी पडते. ‘वॉक’ हे नाम की क्रियापद? ‘बुक’ म्हणजे पुस्तक, मग ‘तिकीट बुक केले’ यात ते कोठून आले? व्याख्या येथे गप्प बसते. शब्द वाक्यात कोठे उभा आहे आणि त्याला काय जोडले आहे, हे पाहिले की उत्तर मिळते.

आता प्रत्यक्ष नामाकडे वळू. मराठी मुलाला इंग्रजी नामाविषयी पहिली गोष्ट जर काही सांगावयाची असेल, तर ती व्याख्या नव्हे. ती जागा होय. ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ या दोन्ही वाक्यांत चावणारा कुत्राच आहे, कारण ‘ला’ हा प्रत्यय माणसाला धरून बसला आहे. शब्द मागेपुढे केले तरी मराठीत अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे ‘डॉग’ आणि ‘मॅन’ यांच्या जागा बदलल्या की माणूस कुत्र्याला चावतो. जे काम मराठीत प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते. हे एक वाक्य तिसरीतल्या मुलाला मराठीतून सांगितले आणि दहा गमतीदार वाक्ये करून दाखविली, तर इंग्रजी वाक्यरचनेचा पाया पडतो. दुसरी गोष्ट सांगावयाची ती सवलतीची. दगड तो, खुर्ची ती, टेबल ते, हे लिंगाचे ओझे इंग्रजीत वस्तूंना नाही. आपली भाषा अधिक अवघड आहे आणि ती आपल्याला येते, हे कळले की मुलाची भीती निम्मी कमी होते.

अनेकवचनाचेही तसेच. पाच दगड, पाच उंदीर, या शब्दांत मराठीत काहीच बदलत नाही. आंब्याचे आंबे होतात, चिंचेच्या चिंचा आणि भिंतीच्या भिंती. एवढे प्रकार जिभेवर खेळविणाऱ्या मुलाला ‘बहुतेक इंग्रजी नामांना एस लावा’ हा नियम जड जाण्याचे कारण नाही. शाळेची पायरीही न चढलेली आजी ‘दोन सायकली’, ‘चार पेन्सिली’ असे म्हणते. सायकल आणि पेन्सिल हे शब्द परके, पण त्यांचे अनेकवचन तिने भिंतीच्या चालीवर स्वतः घडविले. अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली नेमके हेच दाखवून दिले. तिने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखविले, त्याला ‘वग’ असे अर्थहीन नाव दिले आणि असे दोन प्राणी असले तर काय म्हणाल, असे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी बिनचूक केले. व्याकरण मुलाच्या डोक्यात आधीच असते. शिक्षकाने ते बाहेरून आत कोंबावयाचे नसते. आत आहे त्याच्याशी नव्याची गाठ घालून द्यावयाची असते.

स्वामित्वाच्या रूपात ही गाठ सर्वांत अधिक महत्त्वाची ठरते आणि सर्वांत अधिक दुर्लक्षितही तीच आहे. ‘मुलाचा सदरा, मुलाची वही, मुलाचे दप्तर’ यांत प्रत्यय वस्तूकडे पाहून बदलतो. इंग्रजीत सदरा असो की वही, मालकाच्या नावाला लागणारा ‘एस’ तोच राहतो. येथवर सोपे आहे. परंतु मराठीतील ‘चा’ हा फार कामसू प्रत्यय आहे. रामाची वही यात तो मालकी सांगतो, सोन्याची अंगठी यात धातू, पुण्याचा माणूस यात गाव, टेबलाचा पाय यात अवयव, सकाळची शाळा यात वेळ. ‘चा म्हणजे एस’ असे एकदा ठसविले, की सोन्याच्या अंगठीत ‘गोल्ड’ला मालक करून टाकणारे वाक्य वहीत उमटते. मुलाने नियम मोडलेला नसतो. शिकविला तो नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. उलट ‘दोन दिवसांची रजा’ येथे इंग्रजीत खरोखरच मालकीचे चिन्ह लागते आणि तेही अनेकवचनी ‘एस’च्या पुढे. कार्यालयात रोज लिहिल्या जाणाऱ्या रजेच्या अर्जांत ते किती वेळा योग्य जागी पडते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

याहूनही नाजूक गोष्ट ‘असणे’ या क्रियापदाची आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ दहा रुपये आहेत’, ‘मला ताप आहे’, ‘घराला दोन दारे आहेत’ ही चार वाक्ये मराठी माणूस एकाच तऱ्हेने बोलत नाही. भाऊ जवळ नसतो, तो ‘मला’ असतो. पैसे ‘मला’ नसतात, ते ‘जवळ’ असतात. नाते आणि हातातली वस्तू यांत मराठीने भेद केला आहे. इंग्रजीने या चारही ठिकाणी ‘हॅव’ हे एकच क्रियापद वापरले. आपल्या भाषेत या क्रियापदाला प्रतिशब्दच नाही. मग ते शब्दार्थाच्या यादीतून कसे कळावे? ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असे लिहून घेतलेल्या मुलाला भाऊ आणि ताप कोठे ठेवावेत ते समजत नाही. चार मराठी वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांच्यासमोर चार इंग्रजी वाक्ये मांडली, तर जे आठवडाभराच्या घोकंपट्टीने साधत नाही ते एका तासात साधते.

सर्वनामांत तर आपली संस्कृतीच आडवी येते. ‘गुरुजी आले, त्यांची छत्री विसरली’ असे आपण एका माणसाविषयी बोलतो. आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नाही. मूल इंग्रजीत गुरुजींच्या छत्रीला अनेकांची छत्री करते आणि हेडमास्तरांच्या क्रियापदाचा ‘एस’ गाळते, तेव्हा कित्येकदा ते व्याकरणात चुकत नसून अदबीने वागत असते. त्याच्या उत्तरावर लाल फुली मारण्यापूर्वी, इंग्रजीत आदर सर्वनामात नसून इतर शब्दांत असतो, एवढे त्याला सांगावयास नको काय? ‘आमची शाळा’ आणि ‘आपली शाळा’ यांतील अंतर मराठी मूल उपजत जाणते. ऐकणारा त्या शाळेचा आहे की नाही, हे एका अक्षरात कळते. इंग्रजीत ते अंतर नाही. कोठे मराठीत अधिक आहे आणि कोठे इंग्रजीत, हे कळणे म्हणजेच दोन्ही भाषा कळणे होय.

क्रियापद हा तिसरा विषय. ‘तो जातो, ती जाते’ हा भेद इंग्रजीत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘सीतेने आंबा खाल्ला’ यांत क्रियापद आंब्याचे ऐकते. ‘चिंच’ म्हटली की लगेच ‘खाल्ली’ होते. इंग्रजीत ते कर्माचे कधीच ऐकत नाही. ‘माझे नाव गणू’, ‘हा माझा भाऊ’ अशी क्रियापदावाचून पूर्ण होणारी वाक्ये आपल्याकडे घरोघर चालतात. इंग्रजीत तेथे ‘इज’ नसले तर वाक्य लंगडे होते. ‘तो बसला आहे’, ‘तो झोपला आहे’ ही मराठीची रूपे पूर्ण झालेल्या क्रियेची आहेत. इंग्रजी त्याच दृश्याला चालू क्रियेचे रूप देते. भाषांतर करणारे मूल येथे काळ चुकते, ते काळाचे कोष्टक येत नाही म्हणून नव्हे, तर दोन भाषा एकाच बसलेल्या माणसाकडे दोन बाजूंनी पाहतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून.

आणि याच ठिकाणी त्या एका अक्षराच्या तीन कामांचा पेच उभा राहतो. नामाला ‘एस’ लागला की अनेक, ‘बॉय’चे ‘बॉइज’. नामाला वरच्या अंगाला स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन ‘एस’ लागला की मालक. आणि क्रियापदाला ‘एस’ लागला की एक. मुलगा एक असेल तर ‘प्लेज’, अनेक असतील तर नुसते ‘प्ले’. तेच अक्षर एका ठिकाणी बहुवचन सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी एकवचन. उच्चारात तर तिन्ही ‘एस’ सारखेच. आपल्या पुस्तकांतून ही तीन कामे बहुधा तीन सुट्या नियमांच्या रूपाने येतात आणि त्यांचा परस्परसंबंध कोणी उलगडून दाखवीत नाही. परिणामी मूल एक तर सर्वत्र ‘एस’ लावते, नाही तर कोठेच लावीत नाही.

रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन इंग्रजीभाषी बालकांचे बोलणे दीर्घकाळ नोंदवून १९७३ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यात असे दिसले, की कानाला एकसारखे असलेले हे तीन ‘एस’ मुले एकदम शिकत नाहीत. आधी अनेकवचनाचा येतो, मग मालकीचा आणि क्रियापदाचा त्याहून मागाहून. इंग्रजी ही परभाषा म्हणून शिकणाऱ्यांतही क्रियापदाचा ‘एस’ उशिराच स्थिर होतो, असे पुढील अभ्यासांत आढळले. ज्यांच्या आईची भाषा इंग्रजी आहे, त्यांनाही जे टप्प्याटप्प्याने येते, ते आपण आपल्या मुलाकडून एका सत्रात मागतो आणि आले नाही की ‘इंग्रजी कच्चे’ असा शिक्का मारतो.

मालकीच्या चिन्हाविषयी तर खुद्द इंग्रजांचाही गोंधळ मिटलेला नाही. हे चिन्ह सोळाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजीत आले आणि त्याचे आजचे नियम स्थिर व्हायला अठरावे-एकोणिसावे शतक उजाडले. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्था काढली आणि २०१९ साली हताश होऊन ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. ती पुढे इतरांनी चालू ठेवली, हा भाग वेगळा. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह काढून टाकण्याचे ठरविले. ज्या चिन्हापायी इंग्रजांच्या नगरपालिका हात टेकतात, त्याच्यापायी आपल्या चौथीतील मुलाने लाजेने मान खाली घालावी, याला काही अर्थ नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार झाला पाहिजे. मातृभाषेशी तुलना करून परभाषा शिकविण्याची कल्पना नवी नाही. रॉबर्ट लॅडो याने १९५७ साली ती शास्त्र म्हणून मांडली आणि पुढील दोन दशकांत तिच्या मर्यादाही उघड झाल्या. सर्वच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत. क्रियापदाचा ‘एस’ गाळण्याची चूक मराठी मूल करते तशी चिनी मूलही करते आणि लहानपणी इंग्रज मूलही करते. म्हणून तुलना हा रामबाण उपाय आहे असा दावा येथे नाही. दावा एवढाच आहे, की मुलाने केलेली चूक वाचता आली पाहिजे. कोणती चूक मराठीच्या वळणाची, कोणती वयाची आणि कोणती आपण शिकविलेल्या अर्धवट नियमाची, हे शिक्षकाला ओळखता आले, तर तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत हेही त्याच्या ध्यानी येईल. पहिलीला समजावून सांगावे लागते, दुसरीला धीर धरावा लागतो आणि तिसरीला आपणच सुधारावे लागते.

हातातल्या दूरध्वनीवर क्षणात भाषांतर मिळू लागल्यावर या साऱ्याची गरजच काय, असेही आज विचारले जाते. यंत्राने दिलेले वाक्य बरोबर आहे की नाही, हे ठरविणार कोण? ‘त्यांची छत्री’ एकाची की अनेकांची, हे ज्याला संदर्भावरून तपासता येत नाही, त्याला यंत्राने दिलेल्या अर्जावर डोळे झाकून सही करावी लागेल. पूर्वी असा माणूस अर्ज लिहिणाऱ्याच्या दारात उभा राहत असे. दार बदलले, परावलंबन तेच राहिले. नोकरीच्या परीक्षेत तर यंत्र जवळ बाळगण्यासही मनाई असते आणि तेथे चुकीचे वाक्य ओळखा म्हणून जे प्रश्न विचारले जातात, त्यांत बहुधा हाच ‘एस’ दबा धरून बसलेला असतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट अशी, की पाचवीपर्यंत व्याख्या विचारणे बंद करावे. नामाची व्याख्या लिहिता येणे आणि नाम वापरता येणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हे कटू सत्य आहे. दुसरी गोष्ट, तीन ‘एस’ तीन वेगवेगळ्या काळांत शिकवावेत आणि तिन्ही येऊन गेल्यावर एक दिवस त्यांची एकत्र ओळख मराठीतून करून द्यावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षकासाठी आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने मुलांसाठी पुष्कळ केले आहे. शिक्षकाच्या हाती मराठी आणि इंग्रजी यांची वळणे शेजारी-शेजारी मांडणारे, मराठीत लिहिलेले एक छोटे, नेटके पुस्तक तिने द्यावे. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ नकोत. मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठी व्याकरणाचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यासारखे भांडार घरात असताना उसनवारी कशाला?

जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा एकच शिक्षक सकाळी मराठी शिकवितो आणि दुपारी इंग्रजी. साधनांचा तुटवडा म्हणून आपण ज्याकडे पाहतो, ती येथे खरोखर एक संधी आहे. शहरातील मोठ्या शाळेत मराठीच्या बाई आणि इंग्रजीचे सर एकमेकांच्या तासाला फिरकत नाहीत. खेड्यातील शिक्षकाच्या डोक्यात मात्र दोन्ही तास एकत्र नांदतात. सकाळी ‘चा, ची, चे’ शिकविताना दुपारच्या ‘एस’ची आणि दुपारी ‘एस’ शिकविताना सकाळच्या ‘चा’ची आठवण काढण्यास त्याला सरकारी आदेशाची गरज नाही. गरज आहे ती असे करणे चुकीचे नाही, या विश्वासाची. कारण इंग्रजीच्या तासाला मराठी बोललात तर गुन्हा केलात, अशी शिकवण त्याला प्रशिक्षणाच्या वर्गांतून वर्षानुवर्षे मिळाली आहे.

इंग्रजी आली की मराठी जाते आणि मराठी धरली की इंग्रजी निसटते, या समजुतीवर आपले भाषेचे राजकारण बरेचसे उभे आहे. वर्गातील अनुभव नेमके उलट सांगतो. ज्या मुलाला ‘मला भाऊ आहे’ आणि ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ यांतील भेद जाणवतो, त्याला ‘हॅव’ कळते. ज्याला स्वतःच्या बोलीचीच लाज वाटावयास लावले आहे, त्याला दोन्ही भाषांत मुके होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण खेड्यातील मुलाला इंग्रजीचे दार उघडून देण्याचे वचन दिले. दार उघडले, हे खरे. परंतु उंबरठा त्याच्या पायांच्या मापाचा केला नाही. कोणत्या इयत्तेत किती भाषा असाव्यात याचा निकाल समित्या यथावकाश देतील. तो कसाही लागला, तरी पस्तीस मिनिटांच्या त्या तासात मुलाचे मराठी त्याच्या मदतीला घ्यावयाचे की वर्गाबाहेर उभे करावयाचे, याचा निर्णय शिक्षकाला आणि पुस्तके लिहिणाऱ्यांना आजही घेता येईल. त्यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही.